रस्त्याचे पैसे कोण देतं? नागपूरच्या चौकातून गडकरींच्या कामाचा हिशेब

नागपुरातून बाहेर पडायचे रस्ते पाहा. वर्धा रोडनं बुटीबोरीकडे निघालात की तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलात की तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. आणि या दोन्हींपर्यंत पोचायला घराच्या फाटकातून ज्या गल्लीत गाडी काढता ती महापालिकेची, नाहीतर सुधार प्रन्यासची. पण पानठेल्यावर विचारून पाहा. रस्ता चकाचक असला तर "गडकरींनी केला." खड्डा असला तर "गडकरी काय करून राहिले बाप्पा?" समृद्धीचं श्रेयही कित्येक जण त्यांनाच देऊन टाकतात. तो रस्ता त्यांच्या खात्याचा नाहीच.

चूक लोकांची नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रस्त्यांची वाटणी करून ठेवली आहे, पण ती कुणी शाळेत नीट शिकवत नाही. संसदेच्या कायद्यानं "राष्ट्रीय महामार्ग" म्हणून जाहीर केलेले रस्ते केंद्राचे. बाकी रस्ते आणि पूल राज्याच्या यादीत. म्हणजे केंद्रातल्या रस्तेमंत्र्याचा थेट अधिकार देशातल्या एकूण रस्त्यांच्या अगदी थोड्या भागावर चालतो. भाग थोडा, पण वाहतुकीचा मोठा वाटा त्याच भागावरून जातो.

नितीन गडकरी मे २०१४पासून हे खातं सांभाळत आहेत. इतका सलग काळ ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मधल्या काळात जहाजबांधणी, थोडे महिने ग्रामविकास, मग जलसंपदा, पुढे सूक्ष्म-लघु उद्योग अशी जोडखाती आली आणि गेली. रस्ते मात्र हलले नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिताना माणसं एकतर आरती ओवाळतात, नाहीतर दगड उचलतात. मला त्यांच्या कारकिर्दीकडे तिसऱ्याच बाजूनं पाहायचं आहे. सिमेंट, डांबर आणि यंत्रं हे रस्त्याचं सोपं अंग. अवघड प्रश्न एकच: पैसे कोण देणार, कधी देणार आणि अंदाज चुकला तर बुडणार कोण? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून आजच्या फास्टॅगपर्यंत या माणसानं जे केलं, ते म्हणजे या एका प्रश्नाला निरनिराळी उत्तरं देऊन पाहणं.

आधी नकाशा नागपुरातच ठरला होता

ही गोष्ट गडकरींच्या जन्माआधीची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर १९४३मध्ये, महायुद्ध सुरू असताना, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार केला. स्थापत्य अभियांत्रिकीची पोरं आजही तो "नागपूर आराखडा" या नावानं परीक्षेत लिहितात. आपल्याच शहरात त्याची आठवण फारशी कुणाला नाही.

त्या बैठकीत दोन मोठ्या गोष्टी झाल्या. पहिली, रस्त्यांच्या जाती ठरल्या: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते. आज आपण हे शब्द सहज वापरतो, ती उतरंड तिथे पक्की झाली. दुसरी, रस्ते कुठून कुठे न्यायचे याची रीत ठरली. शहरापासून चांदणीच्या टोकांसारखे फुटणारे रस्ते, आणि त्यांना जोडणारं आडव्या-उभ्या रस्त्यांचं जाळं. सुपीक शेतीच्या भागात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये, असं माप धरलं होतं. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ते, हे एकूण उद्दिष्ट.

चांदणी म्हणजे काय हे समजायला नागपूरकराला पुस्तक लागत नाही. झीरो माईलच्या दगडापाशी उभं राहा. वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, कामठी रोड, भंडारा रोड, उमरेड रोड. जुन्या क्रमांकांत सात नंबरचा हायवे वाराणसीहून कन्याकुमारीला जायचा आणि सहा नंबरचा हजिऱ्याहून कोलकात्याला. दोघं नागपुरात एकमेकांना ओलांडायचे. २०१० साली क्रमांक बदलले. सात नंबरचा इथला भाग ४४ झाला, सहा नंबरचा ५३. ट्रकवाल्यांच्या तोंडी जुने नंबर अजून आहेत.

त्या आराखड्यात नकाशा होता, पण तिजोरी नव्हती. पैशांबद्दल त्याआधी विचार केला होता तो एका मराठी बॅरिस्टरनं. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीनं सुचवलं, की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांवरच खर्चा. १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला तो त्यातून. आज पेट्रोल पंपावर तुम्ही जो उपकर नकळत भरता, त्याचा पणजोबा तो. गाडी घरातून काढलीच नाही तर हा कर लागत नाही, आणि टोल नाका चुकवला तरी हा चुकत नाही. मला तरी रस्त्यासाठी पैसे घ्यायचा हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग वाटतो, पण त्यावर पुढे.

संत्र्याचा बगीचा आणि चार करार

कंत्राटांची इंग्रजी आद्याक्षरं ऐकली की डोकं गरगरतं. ईपीसी, बीओटी, हॅम, टीओटी. आमच्या शेजारचे एक काका बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, त्यांनी मला हे काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यावरून समजावलं होतं. "तू त्या अक्षरांच्या नादी नको लागू. विहीर कोणी खणली, बहार कोणाचा, आन् गारपीट झाली तर रडते कोण, एवढंच पाय."

समजा तुमच्याकडे दहा एकर पडीक जमीन आहे. स्वतःच्या खिशातले पैसे घालून विहीर खणली, कलमं लावली, मजूर लावले. बगीचा तुमचा, बहार तुमचा, गारपीटही तुमची. ही ईपीसी पद्धत. सरकार सगळा खर्च देतं, कंत्राटदार बांधून मोकळा होतो, टोल लावायचा की नाही ते सरकार ठरवतं. स्वच्छ व्यवहार, फक्त खिसा भरलेला हवा.

खिसा रिकामा असेल तर? दुसऱ्याला सांगता: "जमीन माझी. विहीर तू खण, झाडं तू लाव, वीस वर्षं बहार तू घे, मग बगीचा मला परत दे." ही बीओटी, म्हणजे बांधा-वापरा-हस्तांतरित करा. तुमचा एक पैसा गेला नाही. पण गारपीट झाली, भाव पडले, तर तो माणूस बुडाला. आणि त्यानं बँकेतून कर्ज काढलेलं असेल तर बँकही बुडाली.

तिसरी रीत विदर्भातल्या प्रत्येक संत्रेवाल्याला पाठ आहे. बगीचा तयार आहे, आंबिया बहार झाडावर आहे, आणि व्यापारी येऊन एकरकमी पैसे मोजून बहार घेऊन टाकतो. तोडणी, राखण, मंडी, सगळं त्याचं. तुम्हाला आज हातात रोकड मिळते आणि त्यातून तुम्ही दुसरं शेत घेता. ही टीओटी: तयार रस्त्याच्या टोलवसुलीचे हक्क ठरावीक वर्षांसाठी एकदम विकणं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं २०१८ साली अशा पहिल्या गठ्ठ्यात नऊ पट्टे तीस वर्षांसाठी दिले आणि ९,६८१ कोटी रुपये घेतले.

चौथी, हॅम, जरा गुंतागुंतीची. तिच्याकडे वेगळं येऊ, कारण ती निघाली ती एका मोठ्या गारपिटीनंतर.

मुंबई-पुणे: पहिला प्रयोग

गडकरींचा जन्म १९५७चा, नागपूरचा; विद्यार्थी परिषदेतून वर आलेले, वाणिज्य आणि कायदा शिकलेले, १९८९ साली पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेलेले. अभियंता नाहीत. युतीच्या सरकारात १९९६ साली त्यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खातं आलं तेव्हा राज्याच्या तिजोरीत मोठ्या रस्त्यांसाठी पैसा नव्हता. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ उभं राहिलं. खात्याचं महामंडळ करायची गरज काय, असं कुणालाही वाटेल. गरज अशी, की सरकारी खातं बाजारातून कर्ज उचलू शकत नाही. महामंडळ उचलू शकतं. ते रोखे काढू शकतं, म्हणजे लोकांना आणि संस्थांना सांगू शकतं, की आज पैसे द्या, अमुक वर्षांनी व्याजासकट परत घ्या.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आधी खाजगी उद्योगाकडून देकार मागवले होते. आलेला देकार ३,६०० कोटींच्या घरातला होता, तो आपण नाकारला आणि महामंडळामार्फत सुमारे १,६०० कोटींत काम करून घेतलं, हे गडकरी असंख्य भाषणांत सांगतात. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा तो रस्ता २००२मध्ये पूर्ण वापरात आला, म्हणजे मंत्रिपद गेल्यावर. मुंबईतल्या ५५ उड्डाणपुलांची योजनाही त्याच काळातली. त्या पुलांनी त्यांना "पूलकरी" आणि "रोडकरी" ही टोपणनावं दिली.

आता बगीच्याच्या भाषेत पाहू. महामंडळानं उसने पैसे घेऊन स्वतः झाडं लावली. बहार म्हणजे टोल. आणि तयार बगीचा हातात आल्यावर त्यानं तो बहार पुढे विकलाही: २०२० साली द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग मिळून सुमारे दहा वर्षांच्या वसुलीचे हक्क ८,२६२ कोटींना दिले गेले. बांधायला १,६०० कोटी, आणि जुना महामार्ग धरून दहा वर्षांच्या वसुलीला ८,२६२ कोटी. हा आकडा पाहून दोन माणसं दोन निष्कर्ष काढतील. एक म्हणेल, बघा, रस्ता स्वतःचे पैसे काढून दुसऱ्या रस्त्यांनाही पैसे पुरवतो. दुसरा म्हणेल, मग माझा टोल अजून का? एप्रिल २०२३मध्ये तिथला मोटारीचा टोल २७० वरून ३२० रुपये झाला. दोघंही बरोबर आहेत, आणि भांडण मिटत नाही ते म्हणूनच. "खर्च वसूल झाला" हे ठरवायचं कशावरून? मूळ खर्चावर? व्याज धरून? दुरुस्ती धरून? की त्या पैशातून बांधलेल्या पुढच्या रस्त्यांचा खर्चही धरून? मुंबईच्या वेशीवरचे पाच नाकेच घ्या. उड्डाणपुलांच्या पैशांसाठी ते बसवले गेले. हलक्या वाहनांना तिथे माफी मिळाली ती थेट ऑक्टोबर २०२४मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. टोल हिशेबानं लागतो आणि राजकारणानं सुटतो, हे मी खवचटपणे म्हणत नाही, तारखा पाहा.

गावाकडच्या रस्त्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही. मेळघाटातल्या एखाद्या पाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर टोल लावून किती जमणार? तिथे जयकरांचा मार्ग. गडकरी राष्ट्रीय ग्रामीण रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते, आणि २५ डिसेंबर २००० रोजी वाजपेयी सरकारनं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. पाचशेहून जास्त वस्तीच्या, आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशेहून जास्त वस्तीच्या, प्रत्येक गावाला बारमाही रस्ता. पैसा इंधनावरच्या उपकरातून. या योजनेवर कुणी मोर्चे काढत नाही, तिच्या उद्घाटनाला गर्दीही जमत नाही. माझ्या मते त्यांच्या नावाशी जोडलेल्या सगळ्या कामांत हे सर्वांत कमी बोललं गेलेलं आणि सर्वांत जास्त लोकांच्या पायाखालचं काम आहे.

गारपीट, आणि मग हॅम

दिल्लीत २०१४ साली त्यांनी खातं घेतलं तेव्हा बीओटीचा बगीचा झोपलेला होता. त्याआधीच्या तेजीच्या वर्षांत कंपन्यांनी अफाट बोली लावल्या होत्या. वाहतूक दरवर्षी वाढतच जाणार हे गृहीत धरून कित्येकांनी तर सरकारलाच वर पैसे द्यायचं कबूल केलं. मग मंदी आली. जमीन ताब्यात नव्हती, वनखात्याची परवानगी नव्हती, तरी करार झालेले होते. काम अडलं, व्याज चालू राहिलं, बँकांची कर्जं थकली. नवीन निविदांना कुणी फिरकेना.

नागपूरकरांना याचा जवळचा नमुना माहीत आहे. नागपूर-जबलपूर रस्ता मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरण तिथे कित्येक वर्षं अडून होतं. एका बाजूला रस्ता हवा, दुसऱ्या बाजूला पेंच आणि कान्हा यांच्यातला वाघांचा मार्ग. शेवटी प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ जागा मोकळ्या ठेवून महामार्ग वर उचलला. त्यातल्या सगळ्यात लांब जागा साडेसातशे मीटरच्या. नंतर कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ खालून जाताना टिपले गेले. रस्ता झाला आणि वाघही चालते राहिले. पण मधल्या वर्षांचं व्याज कोणी भरलं असेल, हा प्रश्न काकांसारख्या माणसालाच सुचतो.

या अनुभवातून दोन गोष्टी बदलल्या. जमीन बहुतांश ताब्यात आल्याशिवाय, ८० ते ९० टक्के, काम सुरू झालं असं धरायचं नाही. आणि जानेवारी २०१६मध्ये मंत्रिमंडळानं हॅम पद्धत मंजूर केली.

हिशेबासाठी एक काल्पनिक रस्ता घेऊ, खर्च १,००० कोटी. सरकार ४०० कोटी बांधकाम चालू असतानाच हप्त्यांनी देतं. उरलेले ६०० कोटी कंपनी आणते, थोडे स्वतःचे, बरेच बँकेचे. रस्ता झाला की सरकार ते ६०० कोटी पंधरा वर्षांत, दर सहा महिन्यांनी, व्याजासकट फेडतं. टोल सरकारच्या प्राधिकरणाकडे जातो. बगीच्याच्या भाषेत: विहिरीचा निम्म्याला थोडा कमी खर्च मालकानं आधी दिला, बाकी पैसे वहिवाटदाराला ठरल्या हप्त्यांनी मिळणार, बहार मालकाचा. गारपीट? तीही मालकाचीच. वाहतूक कमी झाली तर कंपनीला फिकीर नाही, तिचा हप्ता ठरलेला.

म्हणून कंपन्या परत आल्या. धोका नाहीसा झाला नव्हता, तो खाजगी खिशातून सरकारी खिशात सरकला होता. बांधणीचा वेग वाढला: २०१४-१५मध्ये दिवसाला सुमारे १२ किलोमीटर, तर २०२०-२१मध्ये, करोनाच्या वर्षात, साडेछत्तीस. त्याबरोबर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं कर्जही वाढलं. मार्च २०२२मध्ये ते साडेतीन लाख कोटींच्या आसपास होतं. त्यानंतर सरकारनं प्राधिकरणाला बाजारातून नवं कर्ज उचलणं थांबवायला लावलं आणि अर्थसंकल्पातूनच थेट पैसा देणं वाढवलं. २०२५-२६मध्ये या मंत्रालयाची तरतूद सुमारे २ लाख ८७ हजार कोटी होती. फिरून फिरून गाडी ईपीसीच्या, म्हणजे स्वतःच्या खिशाच्या, जवळ आली.

आकडे वाचताना दोन ठिकाणी सावध राहा. राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४मध्ये ९१,२८७ किलोमीटर होती, ती दहा वर्षांत १ लाख ४६ हजारांच्या वर गेली, हे खरं. पण त्यातला मोठा भाग नव्यानं बांधलेला नाही. राज्याचे रस्ते राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले. पाटी बदलते, डांबर नंतर येतं, कधी बऱ्याच नंतर. दुसरं, "प्रति किलोमीटर खर्च". भारतमाला योजनेचा पहिला टप्पा २०१७मध्ये मंजूर झाला: ३४,८०० किलोमीटर, ५ लाख ३५ हजार कोटी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३च्या अहवालात दाखवलं, की मंजूर कामांचा खर्च ठरल्यापेक्षा दर किलोमीटरला जवळपास दुप्पट झाला आहे. दिल्लीजवळच्या द्वारका द्रुतगती मार्गाचा आकडा तर २५० कोटींवर. योजनेत धरलेला सरासरी आकडा होता १८.२ कोटी. मंत्रालयाचं उत्तर असं, की तो रस्ता बराचसा उंचावरून आणि बोगद्यातून जातो, त्याची सरासरीशी तुलना चुकीची. उत्तरात तथ्य आहे. पण मंजुरी घेताना ती उंची माहीत नव्हती का, हा प्रश्न उरतोच.

बोरखेडीला तुमचा टोल कसा ठरतो

हैदराबादकडे निघालात की बोरखेडीचा नाका, अमरावतीकडे गोंडखैरीचा. फास्टॅग टुक करतो, मोबाईलवर संदेश येतो, आणि मागच्या सीटवरून हमखास कुणीतरी विचारतं, "किती कापले?" कसे कापले हे कुणी विचारत नाही.

त्याचे नियम २००८चे आहेत. चौपदरी रस्त्यावर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, हा २००७-०८चा पायाभूत दर. नाक्याच्या वाट्याला जेवढे किलोमीटर येतात तेवढ्यानं गुणायचं. दर एप्रिलला त्यात वाढ: तीन टक्के सरळ, चक्रवाढ नव्हे, आणि त्यावर घाऊक महागाईच्या वाढीचा ४० टक्के हिस्सा. समजा साठ किलोमीटर. मूळ टोल ३९ रुपये. दहा वर्षांनी सरळ वाढीनं तो ५० रुपये ७० पैसे झाला. या काळात घाऊक महागाई पन्नास टक्के वाढली असं धरलं, तर तिचा ४० टक्के म्हणजे वीस टक्के आणखी. झाले ६० रुपये ८४ पैसे. जवळच्या पाचच्या पटीत आणायचा: ६० रुपये. पुलाला किंवा बोगद्याला वेगळा भार. चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही वेळचे मिळून दीडपट. दुचाकीला माफी. वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला बिगर-व्यावसायिक गाडीसाठी मासिक पास, ज्याबद्दल नाक्यावरचा माणूस आपणहून सांगेल अशी आशा धरू नका.

फास्टॅग फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचा झाला. रांग कमी झाली हा दिसणारा फायदा. न दिसणारा फायदा असा, की कुठल्या नाक्यावरून दिवसाला किती गाड्या गेल्या याची नोंद आता यंत्रात राहते. बहार विकायचा असेल तर झाडावर फळं किती हे व्यापाऱ्याला दाखवावं लागतं. टीओटीचे सौदे करायला हीच नोंद कामी येते. ऑगस्ट २०२५पासून खाजगी मोटारींना ३,००० रुपयांत वर्षाचा किंवा २०० फेऱ्यांचा पास आला. समृद्धीवर मात्र तो चालत नाही, कारण ती राज्याची. तिथला दर मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैशांनी सुरू झाला आणि एप्रिल २०२५पासून २ रुपये ६ पैसे आहे. शेजारी शेजारी दोन रस्ते, दोन मालक, दोन दर. पास काढून समृद्धीवर चढलेले आणि पैसे कापल्यावर चिडलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

एकाच खांबावर दोन मजले

वर्धा रोडवरचा दुमजली पूल बाहेरगावचे पाहुणे मोबाईलमध्ये टिपतात. खाली जुना रस्ता, वर महामार्गाचा उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि खांब एकच. लांबी ३.१४ किलोमीटर, म्हणजे गणिताच्या मास्तरांना आवडावी अशी. नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाला, २०२२मध्ये गिनीजचं प्रमाणपत्रही आलं. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर चार थर आहेत: रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल, मेट्रो.

यातली अक्कल विक्रमात नाही. शहरात सगळ्यात महाग वस्तू जमीन. महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रो यांनी आपापले खांब वेगळे उभे केले असते तर दोनदा जमीन, दोनदा खोदकाम, दोनदा वाहतूक अडवणं आलं असतं. दोन सरकारी संस्थांना एका नकाशावर सही करायला लावणं हे काँक्रीट ओतण्यापेक्षा अवघड असतं, आणि ते मंत्र्याचं काम असतं.

नागपूरकरांची तक्रार वेगळी आहे, ती गल्लीतल्या सिमेंट रस्त्यांची. आमच्याच गल्लीत जुना रस्ता न खोदता त्याच्यावर थर चढवला. रस्ता वीत-दीड वीत वर गेला आणि आमचं अंगण खाली. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायरीशी आलं. कार्यालयात गेलो तर एकानं दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसऱ्यानं सांगितलं हा रस्ता आमच्याकडे नाही, तिसरा जेवायला गेला होता. सिमेंटचा रस्ता टिकतो, डांबराइतका उखडत नाही, हे मान्य. पण तो बांधताना दोन्हीकडच्या घरांची पातळी पाहायची असते, हे सांगायला केंद्रीय मंत्री लागू नये.

ज्या आकड्यापुढे मंत्रीही थांबतात

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. २०१९च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानं दंड वाढवले. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला. काही राज्यांनी तडजोडीचे, म्हणजे कोर्टात न जाता भरायचे, दंड खाली आणले, महाराष्ट्रानं नवे दर लागू केले ते डिसेंबर २०२१मध्ये. पोलीस राज्याचे, परवाने देणारी कार्यालयं राज्याची. २०२४पर्यंत अपघातांतले मृत्यू निम्म्यावर आणायचं गडकरींनी जाहीर केलं होतं. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी लोकसभेत उघड कबूल केलं, की ते जमलं नाही, आणि परदेशातल्या परिषदांत हा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. आपल्या मंत्र्यांच्या तोंडी अशी वाक्यं क्वचितच येतात.

रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि वेगाबरोबर चूक महाग होते. गाव मधोमध कापून जाणारा चौपदरी रस्ता, पलीकडे शेत, आणि ओलांडायची जागा दोन किलोमीटरवर. बैलजोडी घेऊन कोण दोन किलोमीटर वळसा घालेल? दुभाजकातलं ते तोडलेलं भगदाड तुम्हीही पाहिलं असेल. हॅम काय, बीओटी काय, कुठल्याच करारात त्या भगदाडाचा रकाना नसतो.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा नंबर आहे. पण त्याआधी रस्ता राष्ट्रीय आहे का ते कळायला हवं, आणि त्याची खूण कडेच्या दगडावर असते. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्याचा. काळं असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा, आणि नारिंगी असेल तर ग्रामसडकेचा. १९४३ साली इथे ठरलेली उतरंड अशी रंगवून ठेवलेली आहे.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. चाळीस वर्षं ते दगड त्यांनीच रंगवून घेतले होते. "बरोबर हाये," म्हणाले, "आता आपल्या गल्लीत जाऊन पाय, कोणत्या रंगाचा हाये ते."

जाऊन पाहिलं. दगड होता म्हणे पूर्वी. नव्या सिमेंटखाली गेला.